रेड रॉक्सच्या कॉन्सर्टला निघण्यापूर्वी

किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्डचं तिकीट मिळालं की पहिला प्रश्न हमखास येतो, "कुठली गाणी वाजवतील?" हा प्रश्न यादीतून खोडूनच टाका. मेलबर्नचा हा सायकेडेलिक रॉक बँड २०१० पासून वाजवतोय आणि काल वाजवलेलं आज पुन्हा जसंच्या तसं वाजवायचं नाही, हा त्यांचा खाक्या आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या याच रेड रॉक्सला, म्हणजे लाल खडकांमधल्या खुल्या प्रेक्षागृहात, त्यांनी तीन कार्यक्रम केले. तिन्ही मिळून ८६ गाणी झाली आणि एकही गाणं दुसऱ्यांदा वाजलं नाही. त्यामुळे गाणी पाठ करण्यात वेळ घालवू नका. तयारी करायची ती तीन तास उभं राहण्याची आणि तीन तास नीट ऐकू येण्याची.

तरी थोडा कान तयार करून जाणं चांगलं. त्यांचे पंचवीसहून जास्त अल्बम आहेत, सगळे ऐकायच्या भरीस पडू नका. धो-धो थ्रॅश मेटल हवं असेल तर 'इन्फेस्ट द रॅट्स नेस्ट' ऐका. माझा लाडका मात्र २०१७ चा 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना'. बाग्लामा या तुर्की तंतुवाद्यावर असतात तसे स्वर काढता यावेत म्हणून बँडचा गायक-गिटारवादक स्टू मॅकेंझीने गिटारवर नेहमीच्या पडद्यांच्या मधे आणखी पडदे बसवून घेतले. पाश्चात्य संगीतावर वाढलेल्या माझ्या सहकाऱ्यांना ते सूर आधी बेसूर वाटले. मी लहानपणी तानपुऱ्याशेजारी बसून श्रुतींचा फरक ऐकलेला, मला ते पहिल्याच फटक्यात घरचे वाटले. तुम्हालाही वाटतील. फक्त स्पॉटिफायवर शोधत बसू नका, २०२५ च्या जुलैत त्यांनी तिथून आपली गाणी काढून घेतली. बँडकॅम्प या संगीताच्या वेबसाइटवर सापडतील.

आता कान. यादीत एकच वस्तू ठेवायची झाली तर मी इअरप्लग ठेवेन. बरीच वर्षं झाली, पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये मी स्पीकरला जवळजवळ टेकून उभी होते. बाहेर आले तेव्हा कानाला दडे बसले होते आणि पुढचे तीन दिवस उशीवर डोकं टेकलं की कुईं असा बारीक आवाज यायचा. चौथ्या दिवशी तो थांबला, पण त्या तीन रात्री मी फार घाबरले होते. हिशोब असा आहे: ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालतो, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. रॉक कॉन्सर्टला १०० सहज होतात, आणि ही मंडळी तीन-तीन तास वाजवतात.

साध्या स्पंजच्या प्लगने झांजा आणि गायकाचे शब्द दबतात, म्हणून संगीतासाठीचे वेगळे प्लग घ्या. ते सगळा आवाज सारखाच खाली आणतात. स्पंजचेच असतील तर निदान नीट घाला. बोटांत वळून वातीसारखे बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बहुतेक लोक नुसता कानाच्या तोंडाशी ठेवतात आणि "उपयोग होत नाही" म्हणतात. घरी चार वेळा सराव करा. एक जोडी जास्तीची ठेवा, शेजारी कुणीतरी कान दाबून उभं असतंच. आणि जागा निवडता आली तर साउंडवाल्यांच्या टेबलाच्या आसपास उभे राहा, ते जे ऐकून आवाज जुळवतात तेच तुमच्याही कानावर पडतं.

दुसरी गोष्ट उंचीची. रेड रॉक्स समुद्रसपाटीपासून ६,४५० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजारेक फूट वर. त्यात ७० ओळींच्या पायऱ्या. मुंबईहून किंवा न्यू जर्सीहून आदल्या रात्री उतरून दुसऱ्या दिवशी नाचायला गेलात तर तिसऱ्या गाण्याला डोकं धरून बसाल. जमलं तर दोन दिवस आधी या. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, म्हणून तहान लागायची वाट न बघता घोट-घोट पाणी पीत राहा. बिअर बेतानेच घ्या.

ऑक्टोबरात दुपारी टी-शर्टावर फिरता येतं आणि रात्री नऊला दात वाजायला लागतात, तेव्हा जाकीट आणि कानटोपी हवीच. छत्री नको, रेनकोट घ्या. आभाळाकडेही लक्ष ठेवा. २०२३ च्या जूनमध्ये इथेच एका कार्यक्रमाच्या वेळी गारपीट होऊन ऐंशीहून जास्त लोक जखमी झाले. थांबायला सांगितलं तर हुज्जत न घालता गाडीत जाऊन बसा.

सायकेडेलिक, म्हणजे भासांच्या जगात नेणारं संगीत, म्हटलं की घरच्यांना आधी नशा आठवते. मला तिची गरज कधीच वाटली नाही. दोन्ही अंगांना तीनशे फुटी लाल खडक, त्यांवर सरकणारे रंग, आणि एकच लय दहा-बारा मिनिटं फिरून-फिरून येत अंगात भिनते, एवढं मला पुरतं. साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत काचेच्या ताटलीत तेल आणि रंगीत पाणी हलवून ते प्रोजेक्टरने बँडवर पाडायचे. आज पडद्यावर दिसणारं सगळं त्याच घराण्यातलं. प्रकाश फार लुकलुकतो, तेव्हा मायग्रेन असेल तर गोळी खिशात ठेवा, आणि फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पुढे गर्दीत शिरणार असाल तर बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधा. तिथला एक नियम मला मनापासून आवडतो: कुणी पडलं की आजूबाजूचे सगळे थांबतात, त्याला उचलतात आणि मगच पुन्हा उड्या सुरू होतात. तुम्हीही तेच करा. पोस्टर घेणार असाल तर पुठ्ठ्याची नळी बरोबर आणा. बँडचा चित्रकार जेसन गॅलियाची चित्रं घडी घालून नेण्यासारखी नाहीत.

खाणं आम्ही पार्किंगमध्येच उरकतो. डिकी उघडायची, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढायची, शेजारच्या गाडीवाल्यालाही द्यायची. परतीची गाडी मात्र आधीच ठरवा. कार्यक्रम सुटल्यावर तिथून टॅक्सी मिळणं महाकठीण, आणि हजारो लोक एकदमच निघत असल्याने फोनचाही भरवसा नसतो. म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते उजेड असतानाच बोटाने दाखवून पक्कं करा. दुसऱ्या दिवशीची रजाही आजच टाका.