झुरळं, ढेकूण, वाळवी: छोट्या पेस्ट कंट्रोल कामाचा दर कसा काढायचा

"वन बीएचकेचं किती घेता?" फोन उचलला की पहिला प्रश्न हाच येतो. धंद्यात नवा असलेला माणूस बाजूवाल्याचा आकडा आठवतो आणि त्यातून शंभर रुपये कमी करून सांगतो. काम मिळतं, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. बाजूवाला किती फेऱ्या मारतो, किती महिन्यांची वॉरंटी देतो, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. छोट्या कामात औषधाला फार पैसे लागत नाहीत. पैसे जातात तुमच्या तासांत आणि परत माराव्या लागणाऱ्या फेऱ्यांत. दर काढायला सुरुवातही तिथूनच करायची.

आधी स्वतःच्या एका तासाचा भाव काढा. पुढचे रुपयांचे आकडे रीत समजावी म्हणून धरलेले आहेत, त्या जागी तुमच्या बिलांवरचे घाला. समजा एकटा माणूस बाइकवर काम करतो. घरी न्यायचा पगार २५,००० रुपये, बाइकचा हप्ता आणि सर्व्हिसिंग ३,०००, फोन, बिलबुक आणि कार्डं १,०००, पंप, नोझल, मास्कची कार्ट्रिज यांची झीज १,५००, परवाना, विमा आणि हिशेबनीस मिळून महिन्याला १,५००. एकूण ३२,०००. कीटकनाशक कायदा, १९६८ खाली पेस्ट कंट्रोलच्या व्यवसायाला परवाना लागतो, तेव्हा तो खर्च ऐच्छिक समजून वगळू नका.

आता हे ३२,००० किती तासांत भरून काढायचे? इथेच बहुतेकांची चूक होते. २५ दिवस गुणिले ८ तास असे २०० तास धरले, तर तासाला १६० रुपये येतात आणि तासाचा भाव निम्म्यावर घसरतो. प्रत्यक्षात दिवसाचे निम्मे तास रस्त्यात, फोनवर, फुकटच्या पाहणीत, सोसायटीच्या गेटवर नोंद करण्यात आणि पंप धुण्यात जातात. गिऱ्हाइकाच्या घरात घालवलेले तास दिवसाला ४ आले तरी चांगले म्हणायचे. म्हणजे महिन्याचे १०० तास आणि तासाचा भाव ३२० रुपये. जवळपासच्या प्रवासाचा वेळ यातच आला. ८ किलोमीटरच्या पलीकडचं काम असेल तर जादा वेळ आणि पेट्रोल वेगळं लावा.

झुरळांचं जेलचं काम, म्हणजे विषारी जेलचे ठिपके लावायचं काम, घेऊन पाहू. वन बीएचके, स्वयंपाकघरात सहा-सात ट्रॉल्या. गेटपासून परत गेटपर्यंत एक तास, म्हणजे ३२० रुपये. जेल १२ ग्रॅम. ३० ग्रॅमची ट्यूब ३०० रुपयांना पडत असेल तर १२० रुपये. बाथरूमच्या जाळ्या आणि ड्रेनेजसाठी फवारणीचं औषध ३० रुपये. जाऊन-येऊन १६ किलोमीटरचं पेट्रोल ४० रुपये. पहिल्या फेरीचा खर्च झाला ५१० रुपये.

पण स्वयंपाकघरातल्या छोट्या तपकिरी झुरळाची एक अंडपिशवी म्हणजे ३० ते ४० पिल्लं, आणि पिशवीवर जेलचा काही परिणाम होत नाही. म्हणून १५ ते २० दिवसांनी दुसरी फेरी हवी. अर्धा तास १६०, जेल ५ ग्रॅमचे ५०, पेट्रोल ४०, म्हणजे २५० रुपये. दोन्ही मिळून ७६०. दहा कामांपैकी दोन घरांतून वॉरंटीत तक्रार येते असं धरलं, तर दोन जादा फेऱ्यांचे ५०० रुपये दहा कामांवर वाटायचे, कामामागे ५०. झाले ८१०. त्यावर २० टक्के नफा धरला की ९७२. नफा हा पगाराहून वेगळा असतो. मंदीचा महिना, नवा पंप, बुडालेलं बिल हे सगळं त्यातूनच निभावतं. दर सांगायचा १,००० रुपये, दोन फेऱ्या आणि तीन महिन्यांच्या वॉरंटीसकट.

हेच काम एका फेरीत, वॉरंटीशिवाय केलं तर ५१० वर २० टक्के, ६१२ रुपये होतात. ६०० ला करणारा फसवतोच असं मुळीच नाही, तो अर्धं काम विकतोय. गिऱ्हाइकाला दोन्ही दर सांगा आणि फरक काय तेही सांगा. बरेच जण आपण होऊन १,००० चं काम घेतात. तरीही कोणी ६०० चंच म्हणाला, तर बिलावर "एक फेरी, वॉरंटी नाही" असं लिहूनच घ्या. ६०० रुपयांत दोन फेऱ्यांचं तोंडी आश्वासन देऊ नका, त्या फेऱ्या तुमच्या पगारातून जातात.

जेलच्या तक्रारी बहुतेक दोन कारणांनी येतात. जिथे आधी स्प्रे मारला आहे तिथे झुरळ ठिपक्याजवळ फिरकत नाही. म्हणून फोनवरच विचारा, गेल्या पंधरा दिवसांत घरी काय मारलंय? आणि मसुराएवढे भरपूर ठिपके ट्रॉलीच्या चॅनेलच्या मागे, बिजागरीत, सिंकखाली, फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी लावायचे सोडून काही जण चार ठिकाणी मोठे गोळे लावतात. ते वाळतात आणि वाया जातात. दिवाळीच्या आधी आणखी एक घोळ होतो. साफसफाईत घरचे सगळे ठिपके पुसून टाकतात. त्यामुळे आवराआवर झाल्यावरची तारीख द्या, आणि ठिपके पुसले गेले तर नव्या फेरीचे पैसे लागतील हे बिलावर छापा.

ढेकणांचा दर चौरस फुटावर कधीच सांगू नये. तो पलंगावर काढायचा. बॉक्स बेडचे स्क्रू काढणं, फळ्या उभ्या करणं, गादीच्या शिवणी आणि हेडबोर्डच्या फटी तपासणं यात एका डबल बेडला सहज दीड तास जातो. अंडी बहुतेक फवारणीतून वाचतात आणि आठवडा-दहा दिवसांत फुटतात, त्यामुळे १० ते १५ दिवसांच्या आत दुसरी फेरी घ्यावीच लागते. पहिली फेरी ४८० अधिक औषध ६० अधिक पेट्रोल ४०, म्हणजे ५८०. दुसरी तासाभराची, ४२०. दहातल्या तीन घरांत तिसरी फेरी धरा, कामामागे १२६. एकूण ११२६, नफ्यासह सुमारे १,३५०. त्याच घरातल्या पुढच्या पलंगाला पेट्रोल वजा करा, तास मात्र वजा करू नका. पीजी किंवा हॉस्टेलची एकच खोली करून वॉरंटी देऊ नका, ढेकूण शेजारच्या खोलीतून परत येतात. सगळ्या खोल्या मिळत असतील तरच वॉरंटीचं बोला.

वाळवीला रनिंग फुटाचा, म्हणजे भिंतीच्या लांबीच्या फुटाचा दर धरा. चौरस फुटात सांगितलं की दोन लहान खोल्या आणि एक हॉल यांचं क्षेत्रफळ सारखं भरतं, पण दोन खोल्यांच्या भिंती कितीतरी जास्त निघतात. भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात जुन्या इमारतीसाठी सांगितलं आहे की जमीन आणि भिंत मिळते तिथे ३०० मिलिमीटर (सुमारे एक फूट) अंतरावर, १२ मिलिमीटर व्यासाची भोकं पाडायची आणि भोकामागे एक लिटर द्रावण सोडायचं. तळमजल्यावरची १० बाय १२ ची खोली घ्या. घेर ४४ फूट, दाराचे ३ वजा, ४१ भोकं, ४१ लिटर. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी हे वाळवीचं द्रवरूप औषध लिटरला २.१ मिली या प्रमाणात ८६ मिली लागतं. मिलीला ३.६० रुपये धरले तर ३१० रुपये. चार तासांचे १,२८०, अर्ध्या दिवसाच्या हेल्परचे ४००, ड्रिल बिट आणि व्हाइट सिमेंट १००, पेट्रोल ४०. एकूण २,१३०. वॉरंटीतल्या दोन पाहण्यांचे ४०० मिळवा, त्यावर २० टक्के, म्हणजे ३,०३६. रनिंग फुटाला सुमारे ७४ रुपये.

ड्रिल लावण्याआधी पाण्याचे पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय ते घरमालकाला विचारून बिलावर टिपून घ्या. एक फुटलेला पाइप अख्ख्या महिन्याचा नफा घेऊन जातो. व्हिट्रिफाइड टाइल किंवा ग्रॅनाइट असेल तर बिट लवकर जातं, तिथे फुटामागे जादा लावा.

उंदरांसाठी फेरीमागे दर ठेवा. ग्लू पॅड लावून निघून जाता येत नाही, पकडलेला उंदीर उचलायला यावंच लागतं. फ्लॅटच्या आत ब्रोमाडिओलोन या उंदीर मारायच्या विषाची वडी टाळा. उंदीर काही दिवसांनी कुठेतरी फॉल्स सीलिंगवर मरतो आणि वासाची तक्रार तुमच्याकडे येते.

काम कितीही छोटं असो, दारात जायचा किमान दर ठरवून ठेवा. एक तास आणि पेट्रोल मिळून ३६०, नफ्यासह ४३२, म्हणजे ४५० च्या खाली पंप उचलायचा नाही. ॲपवरून काम घेत असाल तर एका लीडचे (ॲपने पाठवलेल्या चौकशीचे) १०० रुपये आणि चारातलं एक काम जमतं असं असेल, तर कामामागे ४०० रुपये तिकडेच गेले. ते दरात नसतील तर वरचा सगळा हिशेब कोसळतो.

सूट द्यायची तर वाचलेल्या खर्चातून द्या. एकाच इमारतीत एका दिवशी पाच घरं मिळाली तर पेट्रोल आणि रस्त्यातला वेळ खरोखर वाचतो, तेवढं खुशाल सोडा. "मॅडम म्हणाल्या म्हणून" कमी करायची वेळ आली, तर त्याबरोबर एक फेरी किंवा वॉरंटीचा एक महिनाही कमी करा.

या सेवेवर जीएसटी १८ टक्के आहे. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असल्याने नोंदणी नसेल, तर बिलावर तो लावता येत नाही. नोंदणी असेल तर फोनवरच "जीएसटी वेगळा" किंवा "धरून" हे सांगा, नाहीतर १,००० च्या कामात १८० रुपयांवरून दारात वाद होतो.

एक साधी वही ठेवा. तारीख, काम, घरात किती मिनिटं गेली, किती ग्रॅम किंवा मिली लागलं, परत फेरी पडली का आणि कशामुळे. वीस कामं झाली की सरासरी काढा आणि वरच्या हिशेबात तुमचे आकडे घालून दर नव्याने मांडा.