पासवर्ड काढू नका, टास्क नीट लावा : लॉगिनशिवाय रात्रीची कामं चालवताना या चुका टाळा

वाशीच्या एपीएमसीतला गाळा असो की वागळे इस्टेटमधलं छोटं युनिट, रात्री दोन वाजता हिशेबाच्या डेटाचा बॅकअप घेणारी एखादी बॅच फाइल (एकामागून एक कमांड चालवणारी साधी फाइल) कॉम्प्युटरवर असतेच. मध्यरात्री लाइट जाते, परत येते, कॉम्प्युटर सुरू होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबतो आणि सकाळी पाहावं तर बॅकअप नाही. मग कोणीतरी सुचवतं, विंडोजचा पासवर्डच काढून टाका.

हे अजिबात करू नका. पासवर्ड रिकामा असलेलं लोकल खातं फक्त समोर बसून उघडता येतं, असा विंडोजचा मूळ नियम आहे. त्यामुळे त्या खात्याच्या नावावर लॉगिनशिवाय चालणारा टास्क, म्हणजे विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये आपोआप चालायला लावलेलं काम, सुरूच होत नाही. ऑटो-लॉगिनही नको. विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीत हाताने लावलं तर पासवर्ड तिथे उघड्या अक्षरांत पडून राहतो, शिवाय काउंटरवर येणाऱ्या कोणालाही डेस्कटॉप आयता उघडा मिळतो. टास्कला पडद्यासमोर माणूस लागत नाही. ज्याच्या नावावर काम चालेल असं एक खातं लागतं, आणि बऱ्याच तक्रारी हे खातं चुकीचं निवडल्यामुळेच येतात.

खातं कोणतं?

टास्क शेड्युलरमध्ये नवा टास्क बनवला की 'रन ओन्ली व्हेन युजर इज लॉग्ड ऑन' हाच पर्याय आधीपासून निवडलेला असतो. तो तसाच राहिला, तर लॉगिन होईपर्यंत काहीच चालणार नाही. कोणतं खातं द्यायचं ते, काम कुठे करायचं आहे त्यावर ठरतं.

सगळं याच कॉम्प्युटरवर, म्हणजे सी ड्राइव्हवरून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचं असेल, तर जनरल टॅबमध्ये 'चेंज युजर ऑर ग्रुप' दाबून 'सिस्टिम' खातं द्या. पासवर्ड विचारलाच जात नाही आणि पुढे कोणी लॉगिनचा पासवर्ड बदलला तरी टास्क अडत नाही. मात्र या खात्याला कॉम्प्युटरवर जवळजवळ सगळे अधिकार असतात. सी ड्राइव्हवर थेट बनवलेल्या फोल्डरमध्ये साधा युजरही फाइल बदलू शकतो. बॅच फाइल तिथे ठेवली, तर कोणीही तिच्यात एक ओळ घुसवून ती सिस्टिमच्या ताकदीने चालवू शकेल. त्या फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमधून बाकीच्यांचा लिहिण्याचा अधिकार आधी काढा.

बॅकअप नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या यंत्रावर जात असेल, तर सिस्टिम खातं बहुधा अडतं, कारण नॅस त्याला ओळखत नाही. 'डू नॉट स्टोअर पासवर्ड' ही खूण केली तरी तेच, त्या टास्कला फक्त याच कॉम्प्युटरवरच्या गोष्टी मिळतात. इथे सरळ वेगळं लोकल खातं बनवा, नॅसवरही त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं खातं ठेवा, 'रन व्हेदर युजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडून तो पासवर्ड एकदा द्या. पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. या खात्याला 'लॉग ऑन ॲज अ बॅच जॉब' हा अधिकारही हवा. आणि पासवर्ड बदलला की टास्कमध्येही बदला, नाहीतर ०एक्स८००७०५२ई हा एरर येतो.

दिसत नाही म्हणजे चालत नाही असं नाही

विंडोज व्हिस्टापासून लॉगिनशिवायचे टास्क वेगळ्या सेशनमध्ये चालतात. त्यांची खिडकी कोणालाच दिसत नाही, आणि त्यातली सगळ्यात फसवी चूक म्हणजे बॅच फाइलच्या शेवटी राहून गेलेला 'पॉज'. हाताने चालवताना तो सोयीचा असतो. रात्री मात्र तो अशा कळीची वाट बघत बसतो, जी कोणी दाबूच शकत नाही. टास्क 'रनिंग' दिसत राहतो. आधीचा चालू असताना नवा सुरू करायचा नाही हा मूळ नियम असल्याने दुसऱ्या रात्रीचा बॅकअपही होत नाही. तीन दिवसांची मुदत संपल्यावर विंडोज तो टास्क बंद करतं. 'पॉज' काढा, फाइल पुसताना 'खात्री आहे का' विचारणाऱ्या कमांडही काढा, आणि ही मुदत दोन तासांवर आणा.

याच कारणाने एक्सेलचा मॅक्रो असा चालवू नका. माणसाशिवाय ऑफिस चालवण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबाच नाही.

झेड ड्राइव्हसारखी जोडलेली अक्षरंही तिथे नसतात. दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा. 'स्टार्ट इन' रिकामं असेल, तर काम सिस्टिम३२ फोल्डरमधून सुरू होतं आणि अर्धवट पत्ते चुकतात. तिथे फोल्डरचा पत्ता द्या, पण अवतरण चिन्हं न लावता. ती लावली की ०एक्स८००७०१०बी.

वीज, झोप आणि फास्ट स्टार्टअप

लाइट आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायला हवा असेल, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस'सारखा पर्याय शोधून 'पॉवर ऑन' करा. कंपनीनुसार नाव बदलतं. कंडिशन्स टॅबमधल्या एसी पॉवरच्या दोन खुणा (एसी पॉवर असेल तरच सुरू करा, बॅटरीवर गेल्यास थांबवा) फक्त लॅपटॉपसाठी आहेत असं समजू नका. यूएसबीने जोडलेला यूपीएस विंडोजला बॅटरीच वाटतो, त्यामुळे लाइट गेली की चालू बॅकअप मध्येच तोडला जातो. यूपीएस पुरेसा वेळ टिकत असेल, तर दोन्ही खुणा काढा.

ट्रिगर, म्हणजे टास्क कधी सुरू व्हायचा ते, 'ॲट स्टार्टअप' (कॉम्प्युटर सुरू होताना) असूनही टास्क कधी चालतो, कधी नाही? फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. तो चालू असताना शटडाउन हा खरा शटडाउन नसतो, म्हणून रिस्टार्टनंतर टास्क चालतो आणि सकाळी बटण दाबल्यावर नाही. ट्रिगरला दोन मिनिटांचा उशीरही द्या, तोवर नेटवर्क जागेवर येतं. रात्री दोनच्या ट्रिगरसाठी 'वेक द कॉम्प्युटर' आणि चुकलेली वेळ लवकरात लवकर भरून काढणारी खूण, दोन्ही लावा.

निकाल कसा वाचायचा

'लास्ट रन रिझल्ट'मध्ये ०एक्स१ दिसलं की लोक घाबरतात. बॅचची शेवटची कमांड रोबोकॉपी (विंडोजची फाइल कॉपी करणारी कमांड) असेल, तर १ म्हणजे फाइल नीट कॉपी झाल्या, ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं. ८ किंवा त्यापुढचा आकडा आला तरच बिघाड. उजवीकडची 'एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी' चालू करा, आणि बॅच फाइलच्या पहिल्या ओळीत 'हूअॅमआय' कमांडचं उत्तर लॉग फाइलमध्ये लिहायला लावा. टास्क खरंच कोणत्या खात्यावर चालला, ते लगेच कळतं.

लॉगिन केलेलं असताना 'रन' दाबून केलेली चाचणी पुरेशी नाही. ट्रिगर दहा मिनिटांनंतरचा लावा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, लॉगिनच्या पडद्याला हात न लावता पंधरा मिनिटं थांबा आणि मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नॅसवरच्या फाइलची वेळ बघा.