चुनखडीची खाण सुरू करण्यापूर्वी काय काय तपासावे

चुनखडीच्या साठ्याची व्यवहार्यता तपासताना पहिली नोंद ग्राहकाची असावी, खडकाची नंतर. हा दगड वजनाने भारी आणि किमतीने हलका असल्याने ठरावीक अंतरापुढे वाहतुकीचे भाडेच मालाच्या किमतीहून जास्त होते. म्हणून सिमेंट, पोलाद, काच व कागदाचे कारखाने, चुन्याच्या भट्ट्या आणि खडी घेणारे ठेकेदार यांची अंतरासह यादी करून प्रत्येकाकडून रासायनिक मर्यादा लेखी मागवाव्यात. एक टन क्लिंकरला (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट होणारे गोळे) सुमारे दीड टन चुनखडी लागते, यावरून सिमेंटची मागणी ताडता येते. मात्र मोठ्या कारखान्यांच्या बहुधा स्वतःच्या खाणी असतात. शुद्ध चुनखडी भाजली की तिच्या वजनाचा ४४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, त्यामुळे चुना विकायचा असेल तर भट्टी खाणीलगतच उभारण्याचा हिशेबही मांडून ठेवावा.

क्षेत्रपाहणीला जाताना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली सोबत असावी: चुनखडीवर थेंब पडताच फसफस होते, डोलोमाइटची (चुनखडीसारखाच दिसणारा, पण मॅग्नेशियमयुक्त दगड) मात्र पूड केल्यावरच ती नीट दिसते. हा फरक महत्त्वाचा, कारण सिमेंटला जादा मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) चालत नाही, तसे काचेला लोह आणि पोलादाला सिलिका. उघड्या कड्यावरच्या नमुन्यावर विसंबू नये. ठरावीक अंतरांवर छिद्रे घेऊन खडकाचे गाभे (दंडगोल नमुने) काढून क्रमाने पेटीत मांडावेत, आणि पेटीत गाभा जिथे तुटका किंवा गायब असेल तिथली खोली आवर्जून लिहावी. अशा जागी बहुधा चिकणमातीने भरलेली पोकळी असते, आणि तीच माती पुढे मालात मिसळून सिलिका व ॲल्युमिना वाढवते.

एक हेक्टर क्षेत्र, १० मीटर जाडी आणि घनमीटरला २.६ टन घनता धरली तर २.६ लाख टन हा आकडा येतो, पण तो कागदावरचा. पोकळ्या, खाणीच्या भिंतीत ठेवायच्या पायऱ्यांचे उतार आणि हद्दीलगत सोडायची पट्टी वजा केल्यावर जे उरते तेच विकाऊ. वरच्या मातीची जाडी, भूजलाची पातळी, जमिनीची मालकी व परवाने यांची नोंद ओघाने येईलच.

शेवटी काही टन दगड ग्राहकाच्या भट्टीत भाजून पाहावा. रासायनिक पृथक्करणात उत्तम ठरलेला भरड स्फटिकांचा दगडही कधी कधी तापताच फुटून भुगा होतो आणि उभ्या भट्टीतील हवेचा मार्ग अडवतो. या चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत क्रशरची ऑर्डर देऊ नये.