रेसिपी आणि गोष्ट एकाच पुस्तकात आणायची तर

घरच्या रेसिपींचं पुस्तक करायला खूप जण घेतात आणि दोनपैकी एका ठिकाणी अडकतात. एकतर साहित्य आणि कृतीची कोरडी वही तयार होते जी कोणाच्याही घरची असू शकते, नाहीतर पानंच्या पानं आठवणी आणि रेसिपी शेवटी चार ओळीत उरकलेली, जिच्यावरून कोणाला काही करता येत नाही. माझं मत सरळ आहे, गोष्ट रेसिपीच्या कामाला आली पाहिजे. म्हणजे साहित्याच्या यादीत मावत नाही ते गोष्टीतून कळायला हवं, हा पदार्थ असाच का करतात, एखादा जिन्नस मिळायचा नाही तेव्हा त्याच्या जागी काय घालायचे, घाईच्या दिवशी कुठली पायरी गाळली तरी चालायची. एवढं एक धरून ठेवलंत की काय लिहायचं आणि काय सोडायचं हे बरंचसं सुटतं.

लिहायला बसायच्या आधी जी व्यक्ती तो पदार्थ करते तिच्या शेजारी ओट्यापाशी उभं रहा. "रेसिपी सांग ना" असं विचारलं की माणूस पाठ असलेलं सांगतो, आणि हात भलतंच काहीतरी करत असतात, म्हणून सांगण्यापेक्षा करण्याकडे बघायचं. आता मापाचा प्रश्न येतो, कारण अनुभवी माणूस मोजत नाही, अंदाजाने घालतो आणि मध्ये मध्ये थांबवून चमचे मोजायला लावले की त्याची लयच जाते. त्यावर सोपी युक्ती अशी की पिठाचा, तेलाचा, मिठाचा डबा सुरुवातीला वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या आणि स्वयंपाक झाल्यावर परत ठेवा, जेवढा फरक तेवढा वापर. कोणाला त्रास नाही, आणि "मूठभर" म्हणजे त्यांच्या हाताने नक्की किती ग्रॅम ते कळतं. हे दोन-तीन वेळा केलंत तर माप किती हलतं तेही दिसतं, आणि पुस्तकात "८० ते १०० ग्रॅम, त्या दिवशीच्या पिठावर अवलंबून" असं खरं लिहिता येतं.

फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा पण समोर धरू नका, बाजूला ठेवून द्या. विचारायचे प्रश्न छोटे हवेत. झालं हे कशावरून कळतं? हे कोणाकडून शिकलीस? आधी वेगळं करायचे का, मग बदललं कधी? घरात कोणाला आवडायचं नाही? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा, त्यातून इतर कशातूनही निघत नाहीत अशा गोष्टी निघतात. आणि बोलणारीचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, "बुडबुडे जड झाले की बंद कर" हे "मिश्रण घट्ट होईपर्यंत शिजवा" पेक्षा कितीतरी उपयोगी आहे कारण त्यात बघायचं काय ते सांगितलंय.

ठिकाणाचं काय करायचं, तर इथे बहुतेक जण डोंगर, पाऊस, अंगण यांची वर्णनं लिहितात आणि ती छान असली तरी सगळी सारखी वाटायला लागतात. ठिकाण पदार्थात उतरतं कसं ते शोधा. उंचीचंच घ्या, साधारण दर ३०० मीटरला पाणी उकळायचं तापमान सुमारे १ अंशाने उतरतं, म्हणजे १५०० मीटरवर ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं आणि उघड्या भांड्यात कडधान्य शिजायला जास्त वेळ लागतो. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळेही कडधान्य लवकर मऊ होत नाही. दमट हवेत ठेवलेल्या पिठाला पाणी कमी लागतं. जळण काय होतं, बाजार किती लांब होता, काय कुठल्या महिन्यात यायचं आणि उरलेलं कसं टिकवायचे, हे लिहिलं की जागा आपसूक उभी राहते, शिवाय दुसरीकडे राहणाऱ्या वाचणाऱ्याला आपल्याकडे काय बदलावं लागेल तेही कळतं.

मांडणीतूनसुद्धा ठिकाण दाखवता येतं. अमेरिकन स्वयंपाकी आणि लेखिका एड्ना लुईस यांनी १९७६ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या फ्रीटाउन या आपल्या गावावर पुस्तक लिहिलं, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांनी वसवलेलं गाव, त्यांचे आजोबा त्या लोकांपैकी एक. त्यात पदार्थांचे प्रकार पाडण्याऐवजी ऋतूंप्रमाणे आणि त्या त्या वेळच्या जेवणांप्रमाणे मांडणी आहे, त्यामुळे गावाचं वर्ष कसं चालायचं ते आपोआप कळत जातं. तुमच्याकडे ऋतू नसेल तर दुसरा कणा शोधा, एकाच घरातली माणसं, एक स्थलांतर, आठवड्याचे वार, काहीही, पण एकच.

आता खुद्द रेसिपी. ती गोष्टीपासून वेगळी, सलग, एका नजरेत दिसेल अशी छापा, कारण पीठ लागलेल्या हाताने कोणी तीन पानं उलटून मीठ कधी घालायचं ते शोधत बसणार नाही. साहित्य वापराच्या क्रमाने. माप ग्रॅम आणि मिलीमध्ये द्याच, कप-चमचे सोबत दिलेत तर तुमचा कप केवढा ते सुरुवातीला लिहा, अमेरिकन कप साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २०० आणि ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा तर १५ ऐवजी २० मिलीचा असतो. वेळेसोबत खूण पण द्या, रंग, वास, आवाज, कारण प्रत्येकाची आच वेगळी.

जुनी हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली तर ती दुरुस्त करू नका. दुसऱ्या महायुद्धात तेरेझिनच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) नाझी छावणीत उपाशी बायकांनी आठवणीतून रेसिपी लिहून ठेवल्या होत्या, १९९६ मध्ये त्यांचं इंग्रजीत पुस्तक आलं, आणि काही कृतींत जिन्नस किंवा पायऱ्या सुटलेल्या आहेत. त्या सुटलेल्या जागाच लिहिणाऱ्यांची अवस्था सांगतात, त्या भरून टाकल्या असत्या तर ते सगळं गेलं असतं. तुमच्याकडची चिठ्ठी पण मूळ शब्दांत छापा आणि खाली, वेगळं दिसेल असं, तुम्ही करून पाहिलेलं माप द्या.

गोष्ट लिहून झाली की एक परीक्षा घ्या, ती झाकून नुसत्या रेसिपीवरून पदार्थ करायचा. काही अडलं तर ती माहिती गोष्टीत अडकलीये, खाली आणा. मग उलट करा, रेसिपी झाकून गोष्ट वाचा, आणि ती दुसऱ्या कुठल्याही पदार्थाला चिकटवता येत असेल तर अजून लिहून झालेली नाही. लांबी सारखी ठेवायची गरज नाही, एखाद्या पदार्थाला चार पानं आणि एखाद्याला दोन ओळी. काही पदार्थांना गोष्टच नसते, ओढूनताणून आणू नका.

माणसांबद्दल लिहिताना त्यांना आधी वाचून दाखवा. भांडणं, आजारपण, पैशाची तंगी या गोष्टी पदार्थाशी खूप जोडलेल्या असतात आणि त्या लिहाव्यात असं मला मनापासून वाटतं, पण ज्याची गोष्ट त्याने नको म्हटलं तर काढायची. रेसिपी कोणाची ते नावानिशी लिहा, तेही विचारूनच. छापील पुस्तकातून घेतली असेल तर कृतीचे शब्द उचलू नका, स्वतः करून स्वतःच्या शब्दांत लिहा आणि मूळ कुठलं ते सांगा.

छापायच्या आधी प्रत्येक रेसिपी अशा माणसाला द्या ज्याने तो पदार्थ कधी खाल्लेला नाही, आणि तो करत असताना शेजारी गप्प बसा. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल तिथे वाक्य कमी पडलंय, लगेच पेन्सिलने खूण करा. सगळ्यात शेवटी सूची, आणि तिच्यात पदार्थांबरोबर जिन्नस, माणसं आणि जागा पण घाला, म्हणजे पुढे घरातल्या कोणाला नुसतं आत्याचं नाव शोधून तिचे सगळे पदार्थ काढता येतील.