लेखनावर घर चालवायचे तर: सीमाभागातल्या लिहिणाऱ्यांसाठी

पहिला प्रश्न दराचा. समोरचा विचारतो, ‘शब्दाला किती घेता?’ आणि घाईत तोंडातून निघालेला आकडा वर्षभर निस्तरावा लागतो. म्हणून तो आधी घरीच काढून ठेवा. समजा घरखर्चाला महिन्याला ३०,००० रुपये लागतात. इंटरनेट, वीज, कॉम्प्युटरची दुरुस्ती आणि हिशेब बघणारा मिळून ४,०००. आजारपण आणि रिकाम्या महिन्यासाठी बाजूला ६,०००. झाले ४०,०००. कामाचे दिवस धरा २२. आठ तास टेबलाशी बसलात तरी ज्याचे पैसे मिळतात असे काम रोज चारच तासांचे धरा, कारण बाकीचा वेळ फोन, मेल, नवे काम शोधणे आणि वसुलीत जातो. म्हणजे महिन्याला ८८ तास, तासाला साधारण ४५५ रुपये. हजार शब्दांच्या लेखाला वाचन २ तास, पहिला खर्डा २, स्वच्छ प्रत १, गिऱ्हाइकाच्या दुरुस्त्या १. सहा तासांचे २,७३० रुपये. याच्याखाली घेतलेल्या कामाचा फरक तुमच्याच घरातून जातो.

इंग्रजीतून मराठी अनुवाद करत असाल तर बिल मूळ मजकुराच्या शब्दांवर लावा. ‘ऑन द टेबल’ हे तीन शब्द, मराठीत ‘टेबलावर’ हा एकच. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठी मजकुराचे शब्द मोजले की मेहनत तेवढीच राहते आणि पैसे मात्र कमी होतात. नवखे लोक इथेच सर्वात जास्त गमावतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाचे खरे भांडवल म्हणजे लहानपणापासून कानावर पडलेली कानडी. पुण्यातल्या लिहिणाऱ्याकडे ती नसते. शेतीची औषधे, बँका, दवाखाने अशांचा मजकूर दोन्ही भाषांत लागतो. तेव्हा कन्नड वाचायचा सराव ठेवा आणि हे काम मागून घ्या. त्याचा दर साध्या लेखापेक्षा जास्त सांगायला अजिबात संकोच नको. मात्र सारखे दिसणारे शब्द फसवतात. कन्नडमधला ‘अनुमान’ म्हणजे शंका, आपला म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. तिकडे ‘अवसर’ म्हणजे घाई, इकडे संधी. कन्नडमध्ये ‘विचार’ हा शब्द विषय, बाब या अर्थानेही येतो. अशा शब्दांची वही करा आणि प्रत्येक अनुवाद पाठवण्याआधी ती एकदा चाळा. बोलीतला ‘म्हणून’ही लेखात नकळत शिरतो: ‘उद्या येतो म्हणून सांगितले’. प्रमाण मराठीत तिथे ‘येतो असे सांगितले’ हवे. संवाद लिहिताना मात्र आपली बोली तशीच ठेवा, तिथे ती सुधारायला जाऊ नका.

गावातल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली फाइल आली तर युनिकोडमध्ये बदलल्यावर एक नजर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’वर टाका. बदलणारे सॉफ्टवेअर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ करू शकते आणि डोंगरातल्या वाक्यात समुद्र येतो. ‘पुऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘तऱ्हा’ हे शब्द सर्च करून एकेक तपासा, दहा मिनिटांचे काम आहे. स्पेलचेकवर विसंबू नका, कारण ‘दर्या’ हाही खरा शब्दच आहे.

आता कराराकडे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतः असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ असे वाक्य दिसले की थांबा आणि त्याचा वेगळा दर सांगा. वकिलाची गरज नाही, एक मेल पुरते. त्यात शब्दसंख्या, तारीख, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून तासाचा दर, हक्क कशाचे आणि किती काळ, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली मजकूर दिल्यापासून १५ दिवसांत, एवढे लिहा आणि ‘मान्य’ असे उत्तर आल्याशिवाय एक ओळही लिहू नका. फोनवर ठरलेले त्याच संध्याकाळी मेलवर टाका. कोल्हापूरला जाऊन समोरासमोर बोलू असे म्हणत करार लांबवू नका. सीमाप्रश्नावर वातावरण तापले की बसगाड्या बंद होतात आणि तुमची तारीखही हुकते.

बिलावर अनुक्रमांक, तारीख, पॅन, बँक खाते, आयएफएससी आणि पत्ता हवा. आपण घरी बेळगाव म्हणतो, पण २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे. बिलावर तेच नाव लिहा जे बँकेच्या नोंदीत आहे, नाहीतर हिशेब विभाग बिल परत पाठवतो. सीमेवरचा नेहमीचा गैरसमज असा की गिऱ्हाईक महाराष्ट्रातले, म्हणजे जीएसटी नोंदणी लागणारच. सेवेच्या बाबतीत तसे नाही. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर परराज्यातल्या कामासाठीही सूट आहे. पुढे नोंदणी केलीत की पुण्याच्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या व्यवहाराचा जीएसटी लागतो, बेंगळूरच्या बिलावर त्याचे केंद्र आणि राज्य असे दोन भाग. जीएसटीत कर्नाटकाचा राज्य संकेतांक २९, महाराष्ट्राचा २७. इथे चूक झाली की कर भलत्या खात्यात जातो.

२०,००० च्या बिलावर १८,००० जमा झाले तर घाबरू नका. बहुधा कंपनीने १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला आहे. ते २,००० आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनच्या नोंदीत दिसायला हवेत. तिमाही संपल्यावर ते तपासा, दिसत नसतील तर लगेच लिहा, आणि विवरणपत्र भरून जास्तीचे परत मागा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. ती काम घेण्याआधी करून ठेवा. मग लेखी करार असला तरी कंपनीला ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशिरावर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याजाची तरतूद आहे. तरी पहिल्यांदा कायदा काढू नका. मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी बिल पुन्हा जोडून दोन ओळींचा मेल करा. सातव्या दिवशी थेट हिशेब विभागाला फोन करा. ज्याने लेख मागवला त्याच्या हातात बहुतेक वेळा पैसे नसतात, त्याला टोचून फक्त संबंध बिघडतो. तीन आठवडे झाले की नवे काम थांबवा आणि तसे कळवा.

घरात बसून काम करणारा माणूस रिकामा समजला जातो. त्याला सिलिंडर घ्यायला, पाहुण्यांना आणायला पाठवतात. सकाळचे साडेआठ ते साडेबारा हे चार तास घरच्यांशी बोलून ठरवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बाहेरची कामे दुपारी तुम्हीच आनंदाने करा, म्हणजे सकाळ कोणी मोडत नाही. गणपतीच्या दिवसांत स्पीकरमुळे ऑनलाइन बैठक किंवा रेकॉर्डिंग ठेवू नका, ते आठवडाभर आधी उरका.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला वीज जाणे ठरलेलेच. लॅपटॉपची बॅटरी तग धरते, पण राउटर बंद पडतो. त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपियर वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असते, पण काही ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२चा जोडला तर राउटर जळू शकतो. घरचे इंटरनेट ज्या कंपनीचे, तिचेच सिम फोनमध्ये नको, दुसऱ्या कंपनीचे ठेवा, कारण केबल तुटली की त्या कंपनीचा टॉवरही सोबत बसू शकतो.