चाकाच्या नटाजवळची गंजाची रेघ

अवजड गाडी बाहेर काढण्याआधी तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारा. चाकाच्या नटापासून रिमवर पसरलेली गंजाची बारीक रेघ दिसली, तर नट ढिला झालेला असू शकतो; तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. जोडचाकांमध्ये दगड अडकलाय का, तेही वाकून बघा. मग चाकांना ठोकळे लावा, ब्रेकच्या हवेचा दाब पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा आणि कान द्या. फुसफुस ऐकू आली किंवा दाबाचा काटा उतरतच राहिला, तर हवा गळतेय.

सापडलेला दोष तारखेसह वहीत लिहा. मालकांना कळकळीची विनंती: दोष लिहिणाऱ्या ड्रायव्हरवर चिडू नका. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी पान कोरं राहतं, दोष मात्र तसाच असतो. दुरुस्ती झाली की मेकॅनिकची सही त्याच ओळीत घ्या.

जीपीएसवर नुसता वेग पाहून भागत नाही, सलग किती तास गाडी चालवली तेही बघा. युरोपीय संघात साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगनंतर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. पहाटे वारंवार करकचून ब्रेक लागलेले दिसले, तर आधी ड्रायव्हरला विचारा, रात्री झोप किती झाली होती.