वकिलीची सनद मिळाल्यानंतरची पहिली वर्षे कशी आखावीत?

विधी महाविद्यालयात विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे अभ्यासतो आणि मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या नकली न्यायालयात, घटनात्मक प्रश्नांवर युक्तिवाद करतो. तालुक्याच्या न्यायालयात मात्र सुरुवातीचे कित्येक महिने पुढची तारीख घेणे, नकलांचे अर्ज देणे आणि रोजनामा (प्रकरणातील दर तारखेच्या कामकाजाची नोंद) पाहणे यांतच जातात. या कामाला कमी लेखू नये, कारण पुढची वकिली त्यावरच उभी राहते.

आधी पैशाचा विचार करावा. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले. परंतु ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून वरिष्ठांकडे रुजू होण्यापूर्वीच विद्यावेतन, कामाचे तास आणि स्वतःची प्रकरणे घेण्याची मुभा यांविषयी स्पष्ट विचारावे. संकोच वाटेल, पण तो पहिल्याच भेटीत बाजूला ठेवलेला बरा. वरिष्ठ निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्याकडे साक्षीपुराव्याचे काम किती चालते, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

कार्यालयात गेल्यावर निकाली निघालेल्या एखाद्या दिवाणी दाव्याची संपूर्ण फाइल मागून घ्यावी आणि वादपत्र, निशाणी 5 चा (फाइलीत या क्रमांकाने नोंदलेला) तात्पुरत्या मनाईचा अर्ज, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), न्यायालयाने काढलेले वादाचे मुद्दे, सरतपासणीचे (साक्षीदाराच्या मूळ साक्षीचे) शपथपत्र, उलटतपासणी आणि निकालपत्र या क्रमाने वाचावी. कैफियत 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत द्यावी, हे दिवाणी प्रक्रिया संहितेत आपण वाचलेले असते. पण ही मुदत उलटल्यावर विलंबमाफीचा अर्ज कसा लिहितात आणि न्यायालय तो कोणत्या अटीवर, किती खर्च बसवून मंजूर करते, हे फाइलच दाखवते. त्याच दाव्यातील दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, तोही अवश्य पाहावा, कारण हुकूमनामा (न्यायालयाचा निर्णायक आदेश) मिळाला म्हणजे ताबा मिळाला असे होत नाही, आणि पक्षकाराला हवा असतो तो ताबाच. इंग्रजीत शिकलेल्यांनी सातबारा, फेरफार आणि जुनी खरेदीखते वाचण्याचा सराव वेगळा करावा. जमिनीच्या वादात अर्धे प्रकरण तिथेच असते.

न्यायाधीश होण्याची इच्छा असलेल्यांनी आरंभापासून नोंदी ठेवाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आणि हा काळ वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजावा असे सांगितले. त्या निकालानुसार या अनुभवाचे प्रमाणपत्र त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे असावे, किंवा किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचे असून त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन (दुजोऱ्याची सही) असावे. त्यामुळे आपले नाव असलेल्या वकीलपत्रांच्या (पक्षकाराने वकील नेमल्याच्या लेखांच्या) प्रती आणि आपली हजेरी नोंदलेले रोजनामे वेळच्या वेळी जपून ठेवावेत.